दसऱ्याआधी हीट नाही

खिडकीला प्लास्टिक लावलं, हे आम्ही नवरा-बायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम.

इथं थंडीच्या तोंडावर लोक खिडक्यांना आतून पातळ प्लास्टिक चिकटवतात. चौकटीला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची, प्लास्टिक त्यावर दाबायचं आणि वरून केस वाळवायचा ड्रायर फिरवायचा. गरम हवा लागली की सुरकुत्या जातात आणि ते ढोलकीच्या कातड्यासारखं ताणून बसतं. ड्रायर आमच्या घरात तेवढ्यासाठीच होता. केसांना तिनं तो जन्मात लावला नाही. मी स्टुलावर, ती खाली ड्रायर धरून. तिच्या अंगात माझा कारखान्यातला जुना कोट, आत दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी. मधेच ती ड्रायर खिडकीवरून काढून स्वतःच्या गळ्याशी धरायची.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"सुरकुत्या घालवते."

स्वतःच हसली आणि खोकली. खोकला लांबला. मी खाली उतरलो, पाणी दिलं. म्हटलं, बास आता. ती म्हणाली, "एकच राहिलीय, उद्या लावू." ती खिडकी तशीच राहिली आहे.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. व्हिटबीला तळ्यावरून वारा येतो, तो हाडात शिरतो. बाहेर पाणी गोठत होतं. घरात तेरा डिग्री. आणि खाली बेसमेंटमध्ये घर तापवायची धडधाकट फर्नेस होती, भिंतीवर बटण होतं. ते दाबायचं नाही, हा हिचा हुकूम.

लोकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं बाई कंजूष होती. कंजूष नव्हती. डोकं वेगळं होतं. तिचा नियम होता, दसऱ्याआधी हीट लावायची नाही. दसऱ्याला आपल्याकडं लोक हत्यारांची पूजा करतात, गाडीला हार घालतात. ही फर्नेसची करायची. सकाळी न्हाऊन, काठाची साडी नेसून, वरून स्वेटर घालून बेसमेंटमध्ये जायची. फर्नेसला हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. मग वर येऊन बटणाला कुंकवाचं बोट लावायचं आणि दाबायचं. खालून धप्प आवाज आला की हात जोडायचे. त्याआधी बाहेर बर्फ पडो, कुणी आजारी असो, बटणाला हात लावायचा नाही.

आता दसरा काही इथली थंडी बघून येत नाही. कधी सप्टेंबर संपताना येतो, तेव्हा आम्ही सुखात. अधिक महिना पडला की ऑक्टोबर सरत येतो तरी दसरा नाही. त्या वर्षी मग दात वाजवत बसायचं.

फर्नेसला ती नावानं हाक मारायची नाही. 'मामंजी' म्हणायची. माझा बाप तिनं बघितलाही नव्हता, लग्नाआधीच गेला. पण खाली बसलेला, सगळ्या घराला धाकात ठेवणारा, खाकरणारा म्हातारा म्हणजे मामंजी. मी कुरकुर केली की म्हणायची, "मामंजी झोपलेत. त्यांना वेळेआधी उठवायचं नाही. मागं एकदा न विचारता उठवलं तेव्हा काय झालं ते विसरलात?"

विसरलो नव्हतो. स्वतःचं घर घेतलं त्याची पहिलीच थंडी. मी सातवी शिकलेला माणूस, पण हातात काम होतं, म्हणून ह्या देशानं मला घेतला. गाड्यांचे सुटे भाग करायच्या कारखान्यात भट्टीवर होतो, एकतीस वर्षं. लोखंड लाल करायचं, तेलात बुडवायचं. मला आगीतलं कळतं असा माझा तोरा. एका रविवारी सकाळी तिघंही डोकं धरून उठलो. पोरगी, वर्षा, तेव्हा सहा वर्षांची. ती ओकायला लागली. मी म्हटलं, कालची तुझी वांग्याची भाजी बाधली. ही म्हणाली, भाजी नाही, घरात काहीतरी आहे. वास नव्हता, धूर नव्हता, काही नव्हतं. हिनं पोरीला गोधडीत गुंडाळलं, मला कोपराला धरून ओढलं आणि बर्फात नेऊन उभं केलं, पायात सपाता. मी शिव्या देत होतो. शेजारच्या गोऱ्यानं फोन केला, बंबवाले आले, मशीन घेऊन आत गेले. फर्नेसच्या आतल्या भांड्याला चीर गेली होती, तिच्यातून विषारी वायू घरात पसरला होता. बंबवाला हिला म्हणाला, तुम्ही अजून तासभर आत राहिला असतात तर तिघंही उठला नसतात.

नवी फर्नेस बसवली तेव्हापासून हे मामंजी. ती म्हणायची, "घरात विस्तव ठेवायचा तर त्याला विचारून ठेवावा. तुम्ही कधी विचारलंत?"

फर्नेस तपासायला दर वर्षी एक आडदांड गोरा यायचा, न्यूफाउंडलंडकडचा. पहिल्या वर्षी हिनं त्याला बूट काढायला लावले, कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर पेढा ठेवला. तो घाबरला असेल असं मला वाटलं. पण त्यानं पेढा खाल्ला, बोटं चाटली. पुढच्या वर्षापासून जुलैतच त्याचा फोन यायचा, "हॅलो मॅम, व्हेन इज द फेस्टिव्हल धिस इयर?" ही कालनिर्णय बघून सांगायची. तो आपल्या वहीत लिहून ठेवायचा. इथल्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांना दसरा कधी ते माहीत नसायचं, त्याला असायचं.

मंडळात तिची चेष्टा व्हायची. ओकव्हिलला एका इंजिनियरकडं हळदीकुंकू होतं. मोठं घर, आत उन्हाळा. ही आत शिरली, एक स्वेटर काढला, दुसरा काढला, आणि घरच्या बाईला म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडं पापड वाळत घातले तर चालतील का?" ती बाई हसली नाही. गाडीत मी म्हटलं, कशाला बोललीस? तर म्हणे, "तुमच्यात राहून राहून जीभ बिघडली माझी."

ते खरं. माझ्या तोंडाला दार नाही. आलं की बाहेर. लग्नात सासऱ्याला म्हटलं, जेवण खारट झालंय. आई गेली तेव्हा स्मशानातून येताना थोरल्या भावाला सगळ्यांसमोर म्हटलं, तू तिला नीट बघितलं नाहीस. पंधरा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी नाही. ही म्हणायची, "अहो, एखादी गोष्ट दोन दिवस पोटात ठेवून बघावी. काही दुखत नाही."

दही लावायची तिची एक तऱ्हा होती. दसऱ्याआधीच्या गारठ्यात विरजण लागायचं नाही. मग ती दह्याचं भांडं टॉवेलात गुंडाळून रजईत, आमच्या दोघांच्या मधे ठेवायची. मी कूस बदलली की ओरडायची, "हळू! मोडेल!" महिना महिना आमच्यात ते भांडं झोपलेलं. इतक्या वर्षांत एकदाही सांडलं नाही. दही मात्र चांगलं लागायचं, हे मी तिला कधी बोललो नाही. वाईट तेवढं बोलायची सवय.

झेंडू ती मागच्या अंगणात लावायची, मामंजींच्या माळेसाठी. दुकानातली फुलं चालत नसत. सप्टेंबरात दव गोठायला लागलं की रोज संध्याकाळी रोपांवर जुन्या चादरी घालायची, सकाळी काढायची. आम्ही दोघं गारठलेले आणि झेंडूला चादर. मी म्हणायचो, मलाही त्या वाफ्यात लाव.

पोरगी मोठी झाली, व्हँकुव्हरला गेली, कॉम्प्युटरमध्ये आहे. तिनं एका ख्रिसमसला भिंतीवरचं बटण बदलून नवं बसवलं, गोल, काचेचं. फोनवरून कुठूनही हीट लावता येते. पुढच्या सप्टेंबरात एक दिवस आम्ही पोहे खात बसलेलो आणि खालून आपोआप धप्प. ही ताडकन उठली. मामंजी आपले आपण उठले, तिचा चेहरा पांढरा. तेवढ्यात वर्षाचा फोन, "मॉम, इट्स टेन डिग्रीज देअर! आय टर्न्ड इट ऑन." हिनं फोन माझ्या हातात दिला, बेसमेंटमध्ये गेली आणि मेन स्विचच पाडला. वर आल्यावर लेकीला म्हणाली, "तू तिकडनं आमच्या चुलीत हात घालू नकोस." दुसऱ्या दिवशी मला जुनं बटण परत बसवायला लावलं.

मी बटण का दाबलं नाही, हे पोरगी मला विचारते. हॉस्पिटलातल्या डॉक्टरनंही विचारलं. एकदा दाबलं होतं. असंच दसरा लांबलेलं एक वर्ष होतं. ही मंडळात गेलेली, मी बटण दाबून मस्त उबेत बसलो. ती आली, दारातच थांबली. भांडली नाही. गादी उचलली, रजई उचलली आणि गॅरेजमध्ये जाऊन राहिली. दोन दिवस. तिथंच जेवली, मोटारीच्या आणि बर्फ काढायच्या फावड्याच्या मधे. शेवटी मीच बंद केलं. तर यंदा, एवढ्या खोकल्यात, मी दाबलं असतं तर ती गॅरेजमध्ये गेली असती. हे मी डॉक्टरला सांगितलं. त्याला काही कळलं नाही. कसं कळेल?

पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी.

यंदा अधिक महिना आला होता, दसरा ऑक्टोबर संपत आल्यावर. चार दिवस राहिलेले. सकाळी गावाकडून पुतण्याचा फोन आला. थोरला गेला. ही मागच्या अंगणात झेंडूवरच्या चादरी काढत होती. घरात मी एकटा. फोन मीच घेतला, दुसऱ्या कुणी ऐकला नाही.

भावकीत कुणी गेलं की दहा दिवस सुतक. सुतकात पूजा नाही, देवाला हात नाही. पण सुतक लागतं ते कानावर आल्यावर. कळलंच नाही तर लागत नाही. उशिरा कळलं तर उरलेले दिवस पाळायचे आणि मोकळं व्हायचं. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आणि मी सरळ मागचं दार उघडलं आणि ओरडून सांगितलं, "थोरला गेला गं."

तिच्या हातात चादर होती, निम्मी घडी झालेली. तिनं घडी पुरी केली. मग म्हणाली, "आत्ताच सांगायचं होतं का हो?"

मला वाटलं, दीर गेला आणि ही पूजेचं बघते. मी म्हटलं, "मग कधी सांगू? मुहूर्त काढून?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तरी ते गेलेच असते," ती म्हणाली. एवढंच. मग आत आली, माझ्यासाठी पाणी तापवलं, आंघोळ घातली. पाठ चोळताना माझ्या आधी तीच रडली. पंधरा वर्षं न बोललेल्या माणसासाठी.

मी म्हटलं, "आमचं बोलणं नव्हतं. मला कसलं सुतक?"

"भाऊ तुमचा. सुतक काय बोलण्यावर असतं?"

दसरा आला आणि गेला. माळ झाली नाही. झेंडू तिनं तोडले नाहीत, चादरीही घातल्या नाहीत. एका गोठलेल्या पहाटे सगळे काळे पडले. हीट दहाव्या दिवसानंतर, पूजा करून, असं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं. मी प्लगचा लहान हीटर आणला, तिनं तो उचलून गॅरेजमध्ये ठेवला. मागल्या दारानं आणलेला विस्तव नको म्हणाली. गरम पाण्याच्या पिशव्या चालत होत्या. दसऱ्याच्या संध्याकाळी तिला खोकल्याची उबळ आली, थांबेना. मी म्हटलं, लावतो हीट. नको म्हणाली. मी परत म्हटलं. नको. तेव्हा मी म्हटलं, "मर मग थंडीनं."

असं आम्ही एकमेकांना आयुष्यभर म्हणत आलो. तीही कमी नव्हती. म्हणाली, "मरायचं तर सुतक सुटल्यावर मरीन. आत्ता मेले तर सगळा घोळ होईल." आणि आलं किसायला गेली.

नुसतं चार दिवस तोंड मिटून बसलो असतो तर दसऱ्याला माळ झाली असती, मामंजी उठले असते, घर तापलं असतं. पुतण्याला म्हणता आलं असतं, लाईन नीट नव्हती. काहीही म्हणता आलं असतं.

आठव्या दिवशी आम्ही प्लास्टिक लावलं. नवव्या दिवशी सकाळी तिचे ओठ निळे दिसले. अँब्युलन्समध्ये तिनं मला विचारलं, "घर उघडं नाही ना टाकलं? गॅस बघितलात?" हॉस्पिटलात न्यूमोनिया म्हणाले. वर्षा त्याच संध्याकाळी विमानानं आली. घरी बॅग ठेवायला गेली, तिला घरात श्वासाची वाफ दिसली. तिनं बटण दाबलं. तिचं काय चुकलं? कुणीही शहाणा माणूस दाबेल.

दहावा दिवस गेला. अकराव्या दिवशी सकाळी हिच्या तोंडावर मास्क होता, पण शुद्ध होती. मला जवळ बोलावलं. मास्क जरा बाजूला केला. "सुटलं ना आज?"

"सुटलं."

"मग घरी जा. आंघोळ करा. साधी हळदकुंकवाची पूजा करा, माळ नसली तरी चालेल. आणि लावा."

मी 'हो' म्हणायचं होतं. दोन अक्षरंही नाहीत. 'हो' म्हणायचं, बाहेर जाऊन बाकड्यावर तासभर बसायचं, परत येऊन सांगायचं, लावली. तिला कुठून कळणार होतं?

मी म्हटलं, "वर्षानं कधीच लावली. आल्या आल्या. पूजा-बिजा काही नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला काही वाटलं नसतं, तिच्या रागात मी पन्नास वर्षं काढली. बघितलं, आणि म्हणाली, "बरं." मास्क परत नीट केला आणि भिंतीकडं तोंड करून पडली. त्यानंतर ती बोलली नाही. दुपारी गेली.

डॉक्टर म्हणाला, छाती आधीपासूनच खराब होती, बावीस डिग्रीच्या घरातही हे झालं असतं. वर्षा म्हणते, "बाबा, इट्स नॉट युअर फॉल्ट." दोघंही शिकलेले आहेत. मला समजूत घालून घ्यायची नाही. मला आगीतलं कळतं, लोखंडातलं कळतं. कधी तापवायचं आणि कधी थांबायचं, ह्याच्यावर मी एकतीस वर्षं पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात बसलो होतो. घर गरम होतं. समोर वर्षा. फोन वाजला, गावाकडून पुतण्या. तिकडं दुपार कललेली. मागं भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला लाकडं फोडायला सांगत होतं.

"काका, उद्या आबांचं तेरावं. मांडव घातलाय, आचारी आलाय. पै-पाहुणा समदा गोळा झालाय."

"बरं."

"तुमीबी तिकडं गोडाचं करा. काकूला म्हणावं बासुंदी कर, आबांना लई आवडायची तिच्या हातची. हाय का काकू? द्या की जरा फोन."

वर्षानं हात पुढं केला. मी सांगते, असा.

हे त्यांच्या कानावर गेलं की त्या घरात नव्यानं दहा दिवस. आचारी परत पाठवायचा, मांडव उतरवायचा, आलेल्या माणसांना गोड न खाता जायला लावायचं. थोरल्याचं तेरावं अर्ध्यात सोडायचं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झोपलीय," मी म्हटलं.

"अजून? बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. थंडी आहे इकडं. म्हटलं झोपू दे."

"झोपू द्या, झोपू द्या. उठली की सांगा तेवढं बासुंदीचं."

"सांगतो."

फोन ठेवला. वर्षा रडत होती. "बाबा, व्हाय डिड यू से दॅट?"

"उद्या त्यांचं जेवण होऊ दे. परवा सांगू."

जमलं मला. शहात्तर वर्षांत पहिल्यांदा, आणि काही अवघड गेलं नाही.